अनामत कोंबडा

आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही. केक आणायचा असला तरी अव्वा, म्हणजे माझी आई, दुकानदाराची उलटतपासणी घेते आणि मग आणूच देत नाही. असं असूनही आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या कधी ना कधी आमच्या परसात राहून गेलेल्या आहेत. त्याचं कारण आधी सांगितलं पाहिजे.

गल्लीत आम्ही लिंगायत चार-पाच घरं, बाकी सगळी तेलुगू विणकरांची. त्यांच्या दारात दोन-तीन कोंबड्या असायच्याच. लग्नकार्याला किंवा देवीच्या जत्रेला ही मंडळी तेलंगणात आपापल्या मूळ गावी जात, तेव्हा कोंबड्या कुठं ठेवायच्या हा प्रश्न यायचा. शेजारच्या खाणाऱ्या घरात ठेवल्या, तर परत आल्यावर "मांजरानं नेली" हे ऐकायची तयारी ठेवावी लागे. मांजरानं नेली त्याच दिवशी त्या घरातून मसाल्याचा वास आला होता असं तिसऱ्या घरानं सांगितलं, की दोन घरांचं बोलणं बंद. यावर गल्लीनं काढलेला तोडगा म्हणजे अव्वा. तिच्याकडे ठेवलेली कोंबडी ती खाणार नाही, विकणार नाही, कुणाला भेट देणार नाही. काय करायचं हेच तिला माहीत नसल्यामुळे कोंबडी जशी आली तशी परत जाणार.

मी आयुष्यभर एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. दिलेली वस्तू परत येत नाही हा माझा नोकरीतला एकमेव निष्कर्ष. अव्वाचा व्यवहार त्याच्या नेमका उलट चालायचा आणि त्याचा मला थोडा हेवाही वाटायचा.

या व्यवस्थेला अव्वाच्या अटी होत्या. कोंबडी परसातल्या बेलाच्या झाडाखाली राहील, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही, आणि सोमवारी सकाळी तिला कुणी शिवणार नाही. सोमवार महत्त्वाचा, कारण त्या दिवशी आमच्या पेठेतल्या मठात दासोह असतो. येईल त्याला जेवण. हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हुग्गी अव्वा करते. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून ती मठात जाते. शिजवताना पातेल्यावर पाल दिसली, तर पाल आत पडली की नाही याची चौकशी न करता ती आख्खं पातेलं ओतून देते. "शंका आली की ओतायचं," एवढंच म्हणते. मठातल्या लोकांना परसातल्या कोंबड्यांविषयी माहीत नव्हतं. आम्ही लपवलं नव्हतं. लिंगायताच्या घरी जाऊन "तुमच्याकडे कोंबडी आहे का" असं कुणी विचारत नाही, इतकंच.

त्या वर्षी उन्हं तापायला लागली तेव्हा शेजारीण एक कोंबडा काखेत घेऊन आली. तिच्या नातवाच्या दुखण्यात तिनं तो देवीला बोलला होता. आषाढात द्यायचा, तोवर सांभाळायचा.

"अव्वा, भावाच्या पोरीचं लगीन हाय. जाऊन येतो की," ती म्हणाली. "पर ह्येला कुटं ठेवू? देवीचा हाय. दुसऱ्याच्या घरी काय झालं तर देवी मला इचारंल."

"आणि माझ्या घरी झालं तर?" अव्वानं विचारलं.

"तुमच्याकडं काय हुतंय? तुमी तर लसूण सुदा मोजून घालता."

अव्वा या स्तुतीला बळी पडली. कोंबडा बेलाखाली आला.

देवीला सोडलेला कोंबडा मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. त्याला कुणी हाकलायचं नाही, रागवायचं नाही, दाणा टाकताना उशीर करायचा नाही. असं वागवलं की कुठल्याही जिवाचं काय होतं, हे आपण सार्वजनिक जीवनात पाहतोच. तो छाती काढून परसातून फिरायचा, मधेच थांबून समोरच्या रिकाम्या जागेकडे एखाद्या सभेकडे बघावं तसा बघायचा आणि कुणीही बोलायला उभं केलेलं नसताना बोलायचा. मला आमच्या अध्यक्षांची आठवण यायची.

अध्यक्ष म्हणजे मठाच्या दासोह समितीचे. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. टॉवेल चांगले असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माणसाला अध्यक्ष केल्यावर तो कशाचा ना कशाचा सत्कार केल्याशिवाय राहत नाही, आणि त्या वर्षी अध्यक्षांना अव्वा सापडली. 'अखंड शुद्ध पाकसेवा गौरव सोहळा' असं त्यांनी नाव ठेवलं. रविवार ठरला, पाहुणे ठरले, आणि गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर अध्यक्ष कमरेपर्यंत होते, हात जोडलेले. अव्वा खाली कोपऱ्यात होती, साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढी.

अव्वा चष्मा लावून तो फ्लेक्स बघून आली. "सत्कार त्याचाच आहे काय की," ती म्हणाली. "मला कशाला बोलावलंय?"

कोंबड्याचं दुखणं सुरू झालं ते याच धामधुमीत. आधी त्यानं सभा घेणं बंद केलं. मग दाणा सोडला. तुरा जांभळट पडला, डोळ्यांतून आणि चोचीतून पाणी यायला लागलं, मान एका बाजूला लटकली. कोंबडी पाळणाऱ्या घरात असं झालं असतं तर त्यांनी पुढचा निर्णय पटकन घेतला असता. आमच्या घरात कोंबडीचं काय करायचं याचं ज्ञान शून्य, आणि लहान मुलाचं काय करायचं याचं भरपूर. अव्वानं त्याला मूल धरलं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याची छाती शेकली. आल्याचा रस मधात कालवून बोटानं चोचीत घातला. नाक म्हणून जे काही असतं ते पदरानं पुसलं. उंबऱ्याची अट होती, म्हणून तिनं उंबऱ्याच्या बाहेर चटई टाकली आणि त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली.

"अव्वा, डॉक्टर असतात जनावरांचे," मी म्हणालो.

"ते सुई मारतात. देवीचा आहे तो."

"देवी काही म्हणणार नाही."

"तुला काय माहीत? सुम्म कूड, तम्मा." म्हणजे कानडीत गप बस, बाळा. मला साठी उलटल्यावरही घरात हेच ऐकावं लागतं.

दुपारी तो तिच्या मांडीवरच मेला. अव्वानं त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि खड्डा खणायला सांगितलं. मी बेलाजवळ खणला. आमच्याकडे माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. मेल्या जिवाला निरोप द्यायची दुसरी कुठलीच रीत अव्वाला येत नव्हती. तिनं त्याला पाय पोटाशी घेऊन बसतं केलं, कपाळ असावं असं वाटलं तिथं विभूतीची बोटं ओढली, वर बेलाची पानं ठेवली आणि म्हणाली, "लोट माती." मी लोटली. ग्रंथालयशास्त्रात याला विरोध करावा असं काही शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर अव्वाला एकच घोर लागला. अनामत बुडाली, शेजारणीला काय सांगायचं? दुसरा घोर वर्तमानपत्रातून आला. शहरातल्या तळ्याकाठी कावळे मरून पडत होते. तपासणी झाली आणि बर्ड फ्लूचं नाव छापून आलं.

बातमी आल्याबरोबर शहराचं जे व्हायचं ते झालं. चिकनची दुकानं ओस पडली. बिर्याणीवाल्यानं पाटीवरचा कोंबडा रंग मारून बुजवला आणि त्या जागी फ्लॉवर काढला. एका पुढाऱ्यानं मंडप घालून, पत्रकार बोलावून, सर्वांसमक्ष तंगडी खाल्ली आणि जनतेला अभय दिलं. मी माझ्या सवयीप्रमाणे वाचायला बसलो. जे वाचलं त्यात मला फार मौज वाटली, पण ती थोडाच वेळ. नीट शिजवलेल्या मांसातून आणि अंड्यातून हा रोग येत नाही. तो विषाणू आजारी पक्ष्याच्या लाळेत, नाकातल्या पाण्यात, विष्ठेत असतो. माणसाला तो क्वचितच होतो, पण ज्याला होतो त्यानं बहुतेक वेळा आजारी पक्षी हातांनी हाताळलेला असतो, त्याच्या जवळ श्वास घेतलेला असतो. आणि क्वचित होत असला तरी झाला तर वाईट होतो.

म्हणजे तंगडी खाणारा पुढारी सुरक्षित होता. बिर्याणी खाणारे सुरक्षित होते. आमच्या गल्लीत धोक्यात असलेलं घर एकच, ज्यानं कधी कोंबडी खाल्ली नव्हती. खाणारे तिला कापतात आणि उकळतात. मांडीवर घेऊन नाक पुसायचं काम आम्हीच केलं होतं. कोंबड्याला तो रोग कुठून मिळाला तेही उघड होतं. अव्वा रोज भाकरीचा पहिला तुकडा परसात कावळ्यांना टाकते, आणि तिच्या राज्यात कोंबडा आणि कावळे एकाच पंगतीला बसत.

मी वर्तमानपत्र घेऊन आत गेलो तर अव्वा अंथरुणात होती. अंगात ताप होता, खोकला होता.

"चल, डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो. "आणि कोंबड्याचं सांगायचं."

"डॉक्टरकडं जाऊ. कोंबड्याचं ब्याड."

"नको काय, अव्वा? ते सांगितलं नाही तर डॉक्टर साध्या तापाचं औषध देईल."

"साधाच आहे."

"आणि नसला तर?"

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "रविवारी सत्कार आहे."

"सत्काराची तुला एवढी हौस कधीपासून?"

"सत्कार जाऊ दे खड्ड्यात," ती म्हणाली. "कळलं की सोमवार काढून घेतील माझा. पळी हातातली काढून घेतील. कोंबडं मांडीवर घेतलेली बाई म्हणून." मग थोड्या वेळानं म्हणाली, "माणूस कशानं तरी मरतंच. पण कोंबड्याच्या तापानं मेले तर लोक मयतीला येऊन हसतील रे."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी अव्वाला दुपारपर्यंतची मुदत दिली. तिनं ऐकलं नाही तर मी स्वतःच जाऊन सांगायचं ठरवलं आणि तसं तिला सांगितलंही. तिनं भिंतीकडे तोंड केलं.

दुपार व्हायच्या आधीच अध्यक्ष आले.

ते मानपत्राचा मजकूर वाचून दाखवायला आले होते. अव्वाला ताप आहे हे ऐकून त्यांना वाईट वाटलं, पण वाचायचं ते वाचायचंच. मी चहा केला. बाहेरच्या खोलीत बसून, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. "ज्या पवित्र वास्तूत अंड्याच्या टरफलाचीही सावली कधी पडली नाही..."

"टरफलाची सावली?" मी विचारलं.

"काव्य आहे सर ते," अध्यक्ष म्हणाले. "प्राध्यापकांकडून लिहून घेतलंय."

तेवढ्यात दारात दोघं उभी राहिली. एक तरुण डॉक्टर आणि एक आरोग्यसेविका, दोघांच्या तोंडाला मास्क. तळ्याच्या आसपासच्या वस्त्यांत घरोघर फिरत होते. कुणाला ताप आहे का, घरात पक्षी आहेत का, कुणी मेलेला पक्षी उचलला का.

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्षांनी उघडलं. "डॉक्टर, गल्लीच्या तोंडाचा फ्लेक्स वाचला नाही काय? कुणाच्या घरी आलात? मातोश्रींच्या घरी येऊन कोंबड्या विचारताय? लई झालं बघा! या गल्लीतल्या बाकीच्या घरात विचारा. हितं कोंबडीचं चित्रसुद्धा मिळायचं न्हाई."

"बरं बरं," डॉक्टर म्हणाला. बिचारा सकाळपासून उन्हात फिरत होता आणि एक घर लवकर आटपतंय याचा त्याला आनंद झालेला दिसला. "आणि ताप?"

"ताप आहे," मी म्हणालो. "आणि डॉक्टर, एक गोष्ट..."

आतून अव्वाचा आवाज आला. "डॉक्टर, हे दुखणं हातातून अन्नात जातंय काय?"

डॉक्टरनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "शिजवल्यावर मरतं ते, आजी. काळजी करू नका."

"शिजवायचं झालं. वाढायचं? खोकत खोकत वाढलं तर?"

"माणसाकडून माणसाला सहसा जात नाही."

"सहसा?"

"म्हणजे जवळजवळ नाहीच. पण खात्री असावी म्हणून तर आम्ही ताप आलेली माणसं शोधतोय. का विचारताय?"

मला न बघताही कळत होतं की आत काय चाललंय. आजारी कोंबड्याला शेकून झाल्यावर मधे एक सोमवार गेला होता. अव्वानं अंघोळ केली होती, लुगडं बदललं होतं, हुग्गी केली होती आणि पाच पंगतींना स्वतःच्या हातानं वाढली होती. आणि आता एक शिकलेला माणूस तिला 'जवळजवळ' म्हणत होता. पालीच्या बाबतीत तिनं जवळजवळ कधी चालवून घेतलं नव्हतं.

"मग लिहून घ्या," अव्वा म्हणाली. "एक कोंबडा होता. माझ्या मांडीवर मेला. परसात पुरलाय."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. कशाला काही लागू नये अशा बेतानं, दोन बोटांनी.

"मातोश्री तापात बोलताहेत," ते डॉक्टरला म्हणाले.

"तापात नाही बोलत," आतून उत्तर आलं. "अरे, सोमवारी तू हुग्गी दोनदा घेतलीस. तुझं पण नाव सांग त्यांना."

अध्यक्षांचा चेहरा मी पाहिला. चहा मी केला होता, अव्वानं नाही, हे त्यांना सांगायला हवं होतं. मला ते सुचलं नाही असं म्हणू या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. संध्याकाळच्या आत पशुसंवर्धनाची माणसं पांढऱ्या पोशाखात आमच्या परसात उतरली. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, चंद्रावर उतरावीत तशी. गल्लीतली सगळी गच्च्यांवर चढली. एकानं माती बाजूला केली आणि थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "हा बसलाय."

पशुवैद्यक वाकले. "बसलाय म्हणजे?"

"मांडी घालून बसल्यासारखा. आणि डोक्यावर पांढरं काहीतरी."

"चुना असेल. चुना टाकला होता का, सर?"

"विभूती आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"विभूती. आणि वर बेलाची पानं आहेत, ती जरा बाजूला काढून ठेवा."

पशुवैद्यकांनी काचेआडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या नोकरीत त्यांनी बरेच पक्षी उकरले असतील, पण समाधी उकरायची वेळ पहिलीच. गच्चीवरून एका म्हाताऱ्यानं हात जोडले. कोणाला, ते मला कळलं नाही.

अव्वाला सिव्हिल हॉस्पिटलात एका वेगळ्या खोलीत ठेवलं. घशातला नमुना घेतला, गोळ्या सुरू केल्या. माझाही नमुना घेतला, मी खड्डा खणला होता म्हणून. नमुने पुण्याला जाणार, उत्तर येईपर्यंत थांबायचं. मला काचेतून बघायची परवानगी होती आणि फोनवर बोलायची. पहिल्या सकाळी अव्वाचा फोन आला तो संतापलेला.

"तम्मा, हितं अंडं आणून ठेवलंय."

"सगळ्या पेशंटना देतात, अव्वा. शक्ती येते म्हणून."

"त्यांना विचार, बाप माझ्या मांडीवर मेला, आता लेकरू खाऊ घालता काय?"

मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी अंडं नेलं आणि केळं दिलं. बाहेरच्या बाकावर बसून मी अव्वाचा हा विनोद दोन-तीन जणांना सांगितला. पण तिचा ताप उतरला नव्हता आणि काचेतून ती फार लहान दिसत होती. फ्लेक्सवरच्या फोटोपेक्षा फार मोठी नाही.

कोंबड्याचा अहवाल आधी आला. त्याला बर्ड फ्लूच होता. मग नियमाप्रमाणे आसपासच्या भागातल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करायच्या ठरल्या. सरकारी भाषेत त्याला शास्त्रोक्त विल्हेवाट म्हणतात. गल्लीत त्याला पोती म्हणाले, कारण पोत्यांतून नेल्या. भरपाई मिळाली, पण सकाळी आरवणारं कुणी राहिलं नाही आणि बायकांनी आमच्या दारासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवली. मला त्यांचा राग येईना. बऱ्याच दिवसांनी मला झोपेतून आपोआप जाग आली, आणि ती शांतता ऐकायला बरी नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सही बदलला होता. अव्वाच्या जागी पांढरा कागद चिकटवला होता. अध्यक्ष अजून कमरेपर्यंत होते, हात जोडलेले, आता कोणत्याही विषयाशी संबंध नसलेले. त्यांनी हट्ट करून स्वतःचा नमुना द्यायचा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाला, हुग्गी खाल्ल्यानं नमुना घेत नाहीत. त्याचा त्यांना राग आला. मोठ्या माणसाला रोगही दिला जात नाही, असा त्यांचा सूर होता.

मग अव्वाचा अहवाल आला. तिला झाला होता तो दरवर्षी येणारा साधा फ्लू. माणसांचा. माझ्यात काहीच नव्हतं. डॉक्टरनं काचेतून अंगठा दाखवला तेव्हा अव्वाला वाटलं तो तिला चिडवतोय.

घरी आल्यावर शेजारीण भेटायला आली. ती लग्नाहून परतली होती आणि तिला सगळं आधीच कळलं होतं. अव्वानं तिला बघताच तोंड पाडलं. "तुझं ठेवलेलं परत देता आलं नाही मला."

शेजारीण दारातच बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ द्या, अव्वा. आषाढात कापलाच असता की त्येला. तुमच्या मांडीवर गेला. बसवून पुरला म्हनं? आमच्या सासऱ्याला बी इतकं केलं न्हाई कुनी."

"देवी काय म्हणेल?"

"देवी काय म्हनंल? तिच्याकडं पोचला न्हवं? रस्ता निराळा."

एक घोर मिटला. दुसरा, जो अव्वाला खरा होता, तो मठात बसला होता. समितीची बैठक होती, आणि अव्वा बोलावलेली नसताना गेली. मला बरोबर घेतलं, पण बोलायचं नाही या अटीवर.

अध्यक्षांनी फार गोड सुरुवात केली. मातोश्रींचं वय झालं, प्रकृती नाजूक, आता विश्रांती घ्यावी, समिती त्यांचं कार्य कधीच विसरणार नाही. कुणीतरी म्हणालं, शुद्धी करून घेतली तर? दुसरं म्हणालं, शुद्धी कशाची, बाईची की पातेल्यांची? तिसऱ्यानं शुद्धीला खर्च किती येईल ते विचारलं.

अव्वा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुम्हाला भीती कशाची आहे? तापाची की कोंबड्याची?"

"तापाची नाही, अव्वा. तुम्ही बऱ्या झालात," अध्यक्ष म्हणाले. "पण कोंबडा... लोक काय म्हणतील?"

"कोंबड्याचं म्हणत असाल तर तो पहिला नाही. गल्लीतली बाई गावाला गेली की कोंबड्या माझ्याकडं असतात. तुझ्या लग्नाच्या आधीपासून. तुझ्या लग्नात हुग्गी मी केली. तुझ्या पोराच्या लग्नात मीच केली. शुद्धी करायची तर सगळ्यांनी ती सगळी हुग्गी आधी ओका, मग मी अंघोळ करते."

खर्च विचारणाऱ्यानं पोटावर हात ठेवला.

समितीनं निर्णय घेतला नाही. समित्या घेत नाहीत. 'विषय पुढील बैठकीत घ्यावा' असं ठरलं आणि सगळे उठले. मधे सोमवार येत होता. हुग्गी कुणी करायची हे कुणीच बोललं नाही, कारण ते मोठं पातेलं उचलायची तयारी बैठकीतल्या कुणाचीच नव्हती. सोमवारी सकाळी अव्वानं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, विभूती लावली आणि चालायला लागली. मी मागून गेलो. रस्त्यात ती एकच वाक्य बोलली, "कुणी जेवायला नाही आलं, तर आपण दोघं बसून जेवू. तू पोट मोकळं ठेव."

शिजवून झाल्यावर ती वाढायच्या जागी उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला वाढायच्या आधी दाराकडे बघताना पाहिलं नव्हतं. हातातली पळी तिनं दोनदा पुसली.

माणसं आली. आधी दोन-तीन, मग घोळके. नेहमीपेक्षा जास्तच. ज्यांना मी मठात कधी पाहिलं नव्हतं अशी तोंडं होती. काही आली ती जेवायला नव्हेच, अव्वाला बघायला आली होती, हे उघड होतं. पण पान मांडल्यावर बसावं लागतं, आणि बसल्यावर हुग्गी समोर येते. अध्यक्ष दाराशी आले, गर्दी पाहिली, जणू आपणच जमवली अशा चेहऱ्यानं आत आले आणि पहिल्या पंगतीला बसले. अव्वानं त्यांना वाढलं. दुसऱ्यांदा हवं का म्हणून विचारलंही.

बायकांच्या पंगतीत ती पोचली तेव्हा तिथं कुजबूज चालू होती. टोकाला आमच्याच गल्लीतली एक लिंगायत बाई बसली होती. केकच्या दुकानदाराची उलटतपासणी घेण्यात अव्वाच्याही पुढची. तिनं इकडेतिकडे पाहिलं, पुरुषांच्या पंगतीकडे पाठ केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अव्वा, कसं असतंय हो? हातात धरल्यावर?"

तिच्या शेजारच्या दोघी जेवायच्या थांबल्या.

अव्वानं हुग्गी तिच्या पानावर सोडली. "गरम असतंय," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा लई गरम. आणि आत सारखं काहीतरी चालू असतंय, पहाटे मागांच्या कारखान्यात कसं ऐकू येतंय, तसं. हाताला कळतंय ते."

"आणि मग?"

"मग बंद पडतंय."

ती बाई थोडा वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिली. मग तोच हात पानाच्या कडेला टेकवून म्हणाली, "अजून थोडी वाढा, अव्वा."